शिकायला छोटं इलेक्ट्रिक आरसी हेलिकॉप्टर: चारातलं कोणतं घ्यावं? (कोल्हापूर)

रंकाळा_पश्चिम

नमस्कार मंडळी. मुलाला खेळणं आणायचं नाहीये, मला स्वतःला हेलिकॉप्टर उडवायला नीट शिकायचंय. इलेक्ट्रिकच हवं आणि लहान. रेडिओ (हातातला रिमोट), बॅटऱ्या, चार्जर सगळं धरून बजेट पंधरा हजारांच्या आसपास आहे, थोडं पुढंमागं चालेल. कॅमेऱ्याचा ड्रोन उडवता येतो. पण स्टिक सोडली की तो जागेवर थांबतो, त्यामुळं त्या सवयीचा इथं किती उपयोग होईल याची शंका वाटते.

जागा अशी: घरात १२ बाय १५ फुटांचा हॉल. वर गच्ची आहे, पण टाकी आणि तारा मध्ये येतात. शिवाय वडणगे बाजूला शेत आहे. त्यातल्या अर्ध्या उसाची तोड झालीय, अर्धा उभा आहे.

डोक्यात चार नावं आहेत: सायमा एस१०७जी, डब्ल्यूएल टॉइज व्ही९११एस, एक्सके के११०एस आणि ओएमपी हॉबी एम२. यांच्यात मुळात फरक काय? उंची आपोआप धरणारं घेतलं तर शिकणं सोपं जाईल का? आणि मोडतोड होणारच, तर सुटे भाग कोणते आधीच घेऊन ठेवायचे?

स्वॅशप्लेट_१२०

तुम्ही जी चार नावं दिलीत ती तीन वेगळ्या जातींची यंत्रं आहेत. आधी जात ठरवा, मॉडेल मग आपोआप ठरतं.

एस१०७जी म्हणजे कोॲक्सिअल. एकाच दांड्यावर दोन रोटर उलटसुलट फिरतात, त्यामुळं अंगाला पीळ बसत नाही आणि यंत्र आपलं आपण स्थिर राहतं. पुढं-मागं जायला शेपटीवर आडवा बसवलेला एक छोटा पंखा असतो. आडवं सरकणं त्याला येतच नाही, कारण चॅनेल (वेगवेगळ्या हालचालींचे आदेश) तीनच. त्यात संदेश इन्फ्रारेडवर जातो, म्हणून उन्हात रेंज कमी होते. घरातल्या घरात छान उडतं, पण हेलिकॉप्टर उडवणं त्यातून शिकता येत नाही. तुमच्या कामाचं नाही.

व्ही९११एस ही दुसरी जात: एक मुख्य रोटर, शेपटीला वेगळी मोटर, चार चॅनेल, फिक्स्ड पिच. इथं ब्लेडचा कोन कायम असतो. वर जायचं तर मोटर जास्त फिरवायची, खाली यायचं तर कमी. रोटरला वेग धरायला आणि सोडायला वेळ लागतो, म्हणून थ्रॉटल (मोटरचा वेग) दिल्यावर पाव-अर्ध्या सेकंदानं परिणाम दिसतो. शिकणारा तेवढ्यात आणखी थ्रॉटल देतो आणि यंत्र छताला लागतं. दुसरी खोड वाऱ्याची. समोरून झुळूक आली की नाक वर उचलतं आणि आपोआप चढायला लागतं. थ्रॉटल काढलं की धपकन खाली. पण वजन अगदी कमी, त्यामुळं पडलं तरी बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवता येतं. हॉलसाठी यासारखं शिकवणारं यंत्र नाही.

के११०एस आणि एम२ कलेक्टिव्ह पिचची. रोटरचा वेग जवळपास एकसारखा राहतो आणि तीन सर्व्हो (छोट्या मोटरी) स्वॅशप्लेट (रोटरखालची चकती) वर-खाली करून ब्लेडचा कोन बदलतात. कोन बदलला की त्याच क्षणी उचल बदलते. वाऱ्यात ही जात फिक्स्ड पिचपेक्षा कितीतरी आज्ञाधारक. के११०एसला ६जी मोड आहे, त्यात स्टिक सोडली की यंत्र समतल होतं. ३डी मोडमध्ये ते सुख नाही, जिथं झुकवाल तिथं झुकलेलंच राहतं.

उंची धरणारं (सी१२९ वगैरे) मी सुचवणार नाही. त्यात हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर असतो. हॉलमध्ये सीलिंग फॅन सुरू असला किंवा दार धाडकन लागलं तरी दाब हलतो आणि यंत्र हातभर वर-खाली होतं. त्याहून मोठा तोटा सवयीचा. त्याची डावी स्टिक मध्यावर परत येते, कलेक्टिव्ह पिचची येत नाही. थ्रॉटल सतत हातानं सांभाळणं हाच हेलिकॉप्टरचा अर्धा अभ्यास आहे आणि नेमका तोच यंत्र तुमच्या हातून काढून घेतं.

माझं मत: हॉलसाठी व्ही९११एस आणि शेतासाठी के११०एस. दोन्ही एकदम घ्यायची नाहीत. आधी पहिलं, महिना-दोन महिन्यांनी दुसरं.

नोज_इन

स्वॅशप्लेट दादांचं बाकी सगळं मान्य, पण व्ही९११एसवर थांबायची गरज मला पटत नाही. यांना ड्रोन येतो, म्हणजे दोन्ही अंगठ्यांना काम माहीत आहे. ते पैसे चांगल्या रेडिओत घाला.

कारण सांगतो. के११० (आधीची आवृत्ती) आणि के११०एस फुटाबा या रेडिओ कंपनीच्या एस-एफएचएसएस प्रोटोकॉलवर चालतात. सीसी२५०० चिप असलेला कुठलाही मल्टी-प्रोटोकॉल रेडिओ त्यांना जोडता येतो. तोच रेडिओ यूएसबीनं संगणकाला लावला की सिम्युलेटरवर सराव होतो. सिम्युलेटरवर पडलेल्या हेलिकॉप्टरला ब्लेड लागत नाहीत. म्हणून हेलिकॉप्टर फक्त यंत्र म्हणून घ्या, रेडिओ वेगळा. रेडिओ मोड २ चा मागा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. आपल्याकडं बहुतेक जण तोच वापरतात, त्यामुळं अडलं तर दुसऱ्याच्या हातात रेडिओ देता येतो.

सिम्युलेटरवर क्रम मोडू नका. आधी शेपटी आपल्याकडं ठेवून हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं. मग ४५ अंश तिरपं, दोन्ही बाजूंना. मग पूर्ण आडवं. सगळ्यात शेवटी नाक आपल्याकडं. नाक आपल्याकडं आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि ड्रोनवाल्यांचं इथंच फसतं, कारण त्यांनी जीपीएसच्या आधारानं हे टाळलेलं असतं. प्रत्येक स्थितीत सलग दोन मिनिटं एका मीटरच्या चौकटीत थांबता येईपर्यंत पुढं जायचं नाही. रोज २० मिनिटं पुरेत.

आणि खऱ्या यंत्रावर पहिला हॉवर जमिनीपासून वीतभर उंचीवर करू नका. सगळे तेच करतात. रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीखाली स्वतःचीच हवा जमिनीवर आपटून परत येते आणि यंत्र तेलावर ठेवल्यासारखं घसरतं. एकदम कमरेइतकं वर न्या, तिथं ते शांत होतं.

उद्यमनगर_लेथ

सुट्या भागांचं मी सांगतो, कारण हेलिकॉप्टर निवडताना खरा निकष तोच. जे मॉडेल घेणार त्याची ब्लेड, फेदरिंग शाफ्ट, मेन गिअर आणि शेपटीची मोटर भारतातल्याच दुकानात आज शिल्लक आहेत का, हे आधी बघा. नसतील तर यंत्र कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांना त्यातून मोकळीक आहे, पण बाहेरून मागवलेलं उडणारं अख्खं यंत्र कस्टममध्ये अडकायची भीती असतेच. म्हणून देशातच साठा असलेल्या विक्रेत्याकडून घ्यावं.

के११०एस घेतलंत तर पहिल्याच ऑर्डरमध्ये हे मागवा: मुख्य ब्लेडचे ३ जोड, फेदरिंग शाफ्ट २, मेन गिअर २, मेन शाफ्ट १, शेपटीची मोटर २, शेपटीचे पंखे २, सर्व्हो १, बॉल लिंकचा (सर्व्हो आणि रोटर जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांचा) १ संच. शिवाय बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर चांगल्या पोलादाचा. खोक्यातला तीन वेळा फिरवला की स्क्रूचं डोकं खातो. स्क्रू धातूत जात असेल तिथं निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) टाचणीच्या टोकाएवढंच. प्लास्टिकला लावायचं नाही, ते चिरतं.

आता मोडतं काय आणि का ते बघा. गिअरचे दात सहसा पडण्यानं जात नाहीत. पडल्यावर ब्लेड अडकलेली असतात आणि मोटर फिरतच राहते, त्यानं जातात. म्हणून रेडिओवर थ्रॉटल होल्डचा (मोटर तत्काळ बंद करणारा) स्विच ही पहिली शिकायची गोष्ट. यंत्र हातून गेलं असं वाटलं की जमिनीला टेकायच्या आत होल्ड. बोट कायम त्या स्विचवर. हॉलमध्ये खुर्चीत बसून, बॅटरी न लावता, शंभर वेळा नुसता तो स्विच मारा.

फेदरिंग शाफ्ट म्हणजे दोन्ही ब्लेडच्या पकडींमधून आरपार जाणारी बारीक दांडी. ती वाकली की डोळ्याला दिसत नाही, पण अख्खं यंत्र थरथरतं आणि जायरो (यंत्र स्थिर ठेवणारा सेन्सर) गोंधळतो. मग लोक जायरो बदलायला निघतात. त्याआधी शाफ्ट काढा, काचेच्या तुकड्यावर ठेवा, मागून मोबाईलचा टॉर्च लावा आणि बोटानं हळूच लोटा. सरळ असेल तर शाफ्टखालची उजेडाची रेघ एकसारखी राहते. वाकडी असेल तर रेघ उघडझाप करते आणि शाफ्ट प्रत्येक फेरीला किंचित अडखळतो. वाकडा सरळ करत बसू नका, नवा टाका. आपल्या उद्यमनगरात मोठमोठे शाफ्ट घोटून मिळतात, पण एवढी कडक केलेली बारीक पिन नवीच स्वस्त पडते.

नवा गिअर बसवला की पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मेन गिअरमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून फिरवा. पट्टीवर दातांचे वळ उठले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर फार घट्ट. मोटर गरम होईल आणि बॅटरी लवकर संपेल.

ब्लेडचे स्क्रू: यंत्र कुशीवर धरलं तर ब्लेड आडवी टिकली पाहिजेत आणि हलकासा झटका दिल्यावर खाली झुकली पाहिजेत. त्याहून घट्ट केली तर फिरताना सरळ रेषेत येत नाहीत, त्याचीही थरथर होते.

एस_सी_जोशीला

शेपटीबद्दल एक राहिलं. के११०एसची मुख्य मोटर ब्रशलेस, पण शेपटीची ब्रशवाली कोअरलेस. तिचे ब्रश झिजतात. ती झिजणारी वस्तू आहे, बूटाच्या तळासारखी. बहुतेक मॉडेलांत मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून शेपटी कमी पडली की नाक डावीकडं ओढतं. सुरुवातीला फक्त जोरात पिच दिल्यावर ओढेल, मग साध्या हॉवरमध्येही. रेडिओवरच्या ट्रिमनं (स्टिकचा मध्य सरकवून) झाकू नका. मोटर बदला.

एम२ मध्ये मुख्य आणि शेपटी दोन्ही मोटरी ब्रशलेस आणि थेट रोटरला, मेन गिअरच नाही. त्यामुळं गिअर आणि ब्रशची ही डोकेदुखी तिथं नाही. पण रोटरचा व्यास साधारण ४०० मिमी आणि बॅटरी तीन सेलची. बोटावर बसलं तर टाके पडतील. शिकताना उडवणारा आणि यंत्र यांच्यात के११०एससाठी ३ मीटर, एम२ साठी निदान ६ मीटर अंतर ठेवा. डोळ्यांवर चष्मा दोन्हींना. शिवाय चार्जर, बॅटऱ्या, भाग धरले तर एम२ तुमच्या पंधरा हजारांत बसणार नाही. हॉलमध्ये तर अजिबात नको.

लायपो_काळजी

बॅटऱ्यांवर कुणीच बोललं नाही. के११०एस एक सेलची, ४५० एमएएच. चार मिनिटांत ३०० एमएएच खाल्ली तर सरासरी साडेचार अँपिअर होतात, म्हणजे क्षमतेच्या दहापट, १० सी. पिच ओढताना याच्या दुप्पट. म्हणून नुसती क्षमता बघून हलक्या दर्जाची बॅटरी घेऊ नका, निदान २५ सीची खरी बॅटरी हवी. आणि ७०० एमएएचची कोंबू नका. वजन वाढतं, आणि पुढं सरकवून बसवावी लागली तर नाकही जड होतं. खरेदीआधी कनेक्टर तेवढा जुळवून बघा.

पाच बॅटऱ्या घ्या. टायमर ४ मिनिटांवर लावा. उतरल्यावर दोन मिनिटं थांबून मोजलं तर ३.७ ते ३.७५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ३.६ दिसत असतील तर टायमर अर्ध्या मिनिटानं कमी करा. चार्जिंग १ सीनं, म्हणजे ०.४५ अँपिअर, तासभर लागतो. ४.२० च्या वर जाऊ देऊ नका. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. दोन दिवस उडवणार नसाल तर ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवा. भरलेल्या ठेवल्या की फुगतात. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेल्या तर नक्कीच. फुगलेली पुन्हा वापरू नका. छोटा बल्ब लावून पूर्ण रिकामी करा आणि ई-कचऱ्यात द्या.

चार्जिंग मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, आणि माणूस समोर असताना. रात्री लावून झोपायचं नाही.

जोतिबा_पायथा

जागेचं सांगतो. गच्ची विसरा. कठड्यावरून येणारा वारा आतल्या बाजूला गरगरतो, आणि यंत्र एकदा कठड्यापलीकडं गेलं की खाली रस्त्यावर कुणाच्या तरी डोक्यावर. हॉलमध्येही भिंतीपासून दीड मीटर आत राहा. रोटरची हवा भिंतीवरून फिरून परत येते आणि यंत्र भिंतीकडं ओढल्यासारखं वाटतं.

बाहेर उडवताना नियम बघा. ड्रोन नियम २०२१ मध्ये दूरनियंत्रित हेलिकॉप्टरही येतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो. के११०एस त्यात आरामात बसतं, एम२ त्याच्या वर जाऊन मायक्रोमध्ये. छंद म्हणून उडवायला दोन्हींना पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण विमानतळाचं अंतर दोघांनाही लागू. धावपट्टीच्या परिसराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये कमाल २०० फूट. उजळाईवाडीच्या विमानतळापासून मोजलं तर शहराचा बराच भाग ८ च्या आत येतो. विद्यापीठाचं मोकळं माळरान कितीही खुणावलं तरी ते सोडा. वडणगे बाजू त्या मानानं चांगली. तरी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर तुमच्या शेताचा नेमका बिंदू टाकून बघा. शिकताना तसंही २० फुटांच्या वर जायचं काम नाही.

वेळ सकाळी सात ते नऊ. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, त्यात ६० ग्रॅमच्या घरातलं यंत्र टिकत नाही. हिवाळ्यात नदीकाठी दव असतं. गवतावर उतरलं की पाणी सरळ सर्किट बोर्डावर. चार बाय चार फुटांचा प्लायवूड किंवा जुनी ताडपत्री अंथरा. पावसाळ्यात घर आणि सिम्युलेटर.

आणि उभ्या उसापासून निदान ५० मीटर लांब. दहा फुटी उसात पडलेलं वीतभर यंत्र सापडत नाही. पाचटात रंगही मिसळतो. उसाकडं पाठ करून उभं राहा, म्हणजे यंत्र कायम मोकळ्या बाजूला राहील. खोडव्याच्या सऱ्यांवरही नको, बुडख्यांत शेपटी अडकते. नांगरून सपाट केलेला तुकडा बघा.

रंकाळा_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठंच मिळालं नव्हतं. ठरवलं: रेडिओ वेगळा, सिम्युलेटर आणि के११०एस. व्ही९११एस तूर्त नाही.

एक अडचण. सांगलीत एकाकडं वापरलेलं के११० आहे, तीन बॅटऱ्यांसकट. नव्यापेक्षा बरंच स्वस्त. घ्यावं का? बघायला गेलो तर काय तपासू?

उद्यमनगर_लेथ

भाव पटला आणि समोर उडवून दाखवला तर घ्या. नुसतं टेबलावर फिरवून दाखवलं तर नको.

जाताना काचेचा तुकडा, व्होल्टमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. बॅटरी न लावता रोटर बोटानं सावकाश फिरवा. ब्लेडच्या पकडीचं टोक एका उंचीवर फिरलं पाहिजे. वर-खाली झालं तर मेन शाफ्ट वाकडा. गिअर पूर्ण एक फेरी फिरवताना एका ठिकाणी मोकळा आणि एका ठिकाणी घट्ट लागला तरी तेच, किंवा दात खाल्लेला. मग बॅटरी लावा. रेडिओ आधी चालू, थ्रॉटल पूर्ण खाली, यंत्र सपाट जागी आणि हात लावायचा नाही, जायरो तेव्हा स्वतःला जुळवत असतो. थ्रॉटल होल्डवर ठेवून उजवी स्टिक अगदी हळू गोल फिरवा आणि स्वॅशप्लेटकडं बघा. एखादा सर्व्हो ठरावीक जागी टकटक उडी मारत असेल तर त्याचा दात गेला. एक सर्व्हो चालेल, दोन असतील तर भाव पाडा.

उडवताना कमरेच्या उंचीवर रोटर कडेनं बघा. दोन ब्लेडच्या दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर एका लिंकला अर्धा फेरा द्यायचाय, एवढंच. त्याला घाबरू नका. नंतर झटकन पिच द्यायला सांगा. नाक डावीकडं उडालं तर शेपटीची मोटर संपत आली.

लायपो_काळजी

बॅटऱ्यांचे पैसे शून्य धरा. उतरल्यावर तिन्ही मोजा. फुगलेली असेल तर गाडीत घालूच नका, त्याच्याकडंच राहू दे.

स्वॅशप्लेट_१२०

आणि रेडिओ स्वतःचा घेतलाच असेल तर बरोबर न्या, तिथंच बाइंड करून (यंत्राशी जोडून) बघा. उडवण्याआधी आयडल-अपचा स्विच बंद आहे याची खात्री करा. तो चालू राहिला तर स्टिक खाली असतानाही रोटर पूर्ण वेगात आणि ब्लेड उलट्या कोनात असतात. यंत्र जमिनीवरच पालथं होऊन ब्लेड जातील, तीही घ्यायच्या आधी.